विश्लेषण : जुन्या ब्रिटिश चित्रपटांची वाहिनी का महत्त्वाची?

ब्रिटनमधील ‘टॉकिंग पिक्चर्स टीव्ही’ ही नोएल क्रोनिन यांनी मुलीच्या साथीने २०१५ मध्ये सुरू केलेली वाहिनी. कृष्णधवल चित्रपट आणि विस्मृतीत गेलेल्या मालिका हाच तिचा ऐवज. याला निव्वळ स्मरणरंजन म्हणून हिणवणे सोपे. पण चित्रफिती महाग, म्हणून खुद्द बीबीसीने १९६०-७०च्या दशकांत कार्यक्रम पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’चे कित्येक भाग त्यातच गेले. उरलेले नुसते तिजोरीत ठेवून कुणाच्या उपयोगाचे? जुन्या मालिकांतील वर्णद्वेषी शब्द आज खटकतात, खटकायलाच हवेत. तरी कात्री नको. आधी सूचना देऊन प्रसंग जसाच्या तसा दाखवावा. फक्त ती सूचना मोघम नसावी, पुढे नेमके काय ऐकू येणार ते तिने सांगावे.