शैलचित्रे, वारली चौक आणि ‘आदिम’ हे विशेषण

गोदाकाठच्या पुणतांब्यास चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांना कोणता मायना लिहावा हे न उमजल्याने चांगदेवांनी कोराच कागद पाठविला आणि त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून ‘चांगदेव पासष्टी’ अवतरली, ही आख्यायिका मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. अक्षर नसले तरी आशय असू शकतो, ही जाण मराठी परंपरेत इतकी जुनी आहे. तथापि ज्या समाजांनी लिपी वापरली नाही त्यांच्या भिंतीवरचा आशय वाचण्याचा प्रसंग येतो तेव्हा हीच परंपरा सांगणारे अभ्यासक ‘आदिम’ या एका विशेषणावर वेळ मारून नेतात. वारली चित्रांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे.

वारली चित्रकला ही भीमबेटका येथील शैलचित्रांची थेट वारस असून ती हजारो वर्षे अखंड चालत आली आहे, असे विधान प्रबंधांतून, प्रस्तावनांतून आणि व्याख्यानांतून निःशंकपणे केले जाते. दोन्हींकडे लाल-पांढऱ्या रंगांचे प्राबल्य आहे, मानवाकृती मोजक्या रेषांत उभी राहते, शिकार आणि सामूहिक नृत्य हे विषयही समान आहेत. हे साम्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. केवळ ध्वनिसाम्यावरून शब्दाची व्युत्पत्ती सांगू नये, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासालाच शिकविले जाते. मधल्या अवस्थांचा पुरावा मागितला जातो. चित्रांच्या बाबतीत मात्र ही शिस्त का सैल व्हावी?

शैलचित्रांशी एखाद्या कलावंताचे नाते खरोखर कसे जुळते, याचे उदाहरण विष्णु श्रीधर वाकणकरांचे आहे. १९१९ साली नीमच येथे मराठी कुटुंबात जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी मानलेले वाकणकर पुरातत्त्वज्ञ होते, तसे चित्रकारही होते. १९५७ मध्ये रेल्वेप्रवासात दुरून दिसलेल्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले आणि ते भीमबेटकाला पोहोचले. पुढे २००३ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले, हे सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती वाकणकरांची पद्धती. त्यांनी शैलचित्रांच्या हाताने नकला केल्या. भीमबेटकाच्या खडकांवर एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे थर आहेत. नक्कल करणाऱ्यास कोणती रेषा कोणत्या रेषेखाली जाते याचा निर्णय प्रत्येक वेळी करावा लागतो. ‘ज्ञानेश्वरी’च्या पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहणाऱ्या संपादकाचे काम याहून फारसे वेगळे नसते. येथे प्रेरणा म्हणजे धूसर भारावलेपण नव्हे. ते कष्टसाध्य वाचन आहे, आणि आपण प्राचीनांकडून काय घेत आहोत याचे भान कलावंतास पुरेपूर आहे.

जिव्या सोमा मशे यांच्याबाबत असे म्हणता येत नाही, आणि त्यात त्यांचे उणेपणही नाही. त्यांचा स्रोत गुहेत नव्हता, घरात होता. वारली लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखतात, त्यात पालघट देवीची स्थापना होते, आणि धवलेरी गीते गाऊन विवाह लावते. हे चित्र टिकावे अशी अपेक्षाच नसते. खडकावरील चित्र हजारो वर्षे राहते. चौक पुढच्या सारवणात जातो. म्हणजे या परंपरेचे सातत्य भिंतीवर नसून स्त्रियांच्या हातात आणि गाण्यात आहे. ‘गुहेपासून भिंतीपर्यंत’ अशी सरळ रेघ ओढली की या दोन्ही गोष्टी पुसल्या जातात.

पुसला जातो तो कलावंतही. १९७०च्या दशकारंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने वारली चित्र कागदावर आले. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात होती, २०११ मध्ये ‘पद्मश्री’ आली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. स्त्रियांच्या विधीतील चित्र एका पुरुषाने विधीबाहेर नेले, त्यात मासेमारीच्या जाळ्याचा अवाढव्य विस्तार आणला, माणसांच्या रांगांना नवी गती दिली. हा ज्याला नवकाव्याच्या संदर्भात आपण प्रयोग म्हणतो, तोच प्रकार आहे. मर्ढेकरांनी अभंग-ओवी हाताळली तर त्यांच्या नावावर प्रयोग जमा होतो. मशे यांनी चौक मोडून नवा अवकाश रचला तर श्रेय मात्र अनाम पूर्वजांचे! ही विषमता सौंदर्यशास्त्रीय नव्हे, सामाजिक आहे.

‘आदिम’ म्हटल्याने समाजाचा इतिहासही थांबतो. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्यांना ‘लग्नगडी’ हा शब्द परिचित असेल. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली माणूस सावकाराचा वेठबिगार होई, आणि १९४५च्या उठावात त्याने ते जोखड झुगारले. ज्या लग्नासाठी चौक रेखला जाई त्याच लग्नाने माणूस गहाण पडे. या चित्रांतील उत्सव कालातीत आनंदाचा आहे असे म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक चित्रांशेजारी ठेवून पाहावे.

विद्यापीठीय व्यवस्थेत धवलेरीची गीते लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत जातात आणि चौक कलाशाखेकडे. त्यामुळे गीत आणि आकृती यांचा एकत्रित पाठ सिद्ध करण्याचे काम कोणाचेच राहत नाही. चौक रेखला जात असताना कोणते गीत केव्हा म्हटले जाते, कोणती आकृती त्या वेळी भिंतीवर येते, गावागणिक त्यात कोणते पाठभेद आढळतात, एवढाच विषय घेऊन डहाणू-तलासरीत दोन-तीन लग्नसराया काढणाऱ्या संशोधकास प्रबंधापुरती सामग्री सहज मिळेल. मार्गदर्शक मात्र त्यास दोन विभागांत शोधावे लागतील.