पलीकडच्या तीरावरील शांती

मे २०२५ मध्ये सीमेवर चार दिवस क्षेपणास्त्रांचा आणि ड्रोनचा मारा चालू होता, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील घराघरांतून एकच मागणी येत होती: ‘फादर, मनाला शांती लाभेल अशी एखादी प्रार्थना द्या.’ त्याच आठवड्यात, ८ मे रोजी, रोम येथे नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे सज्जात येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मुखातून पहिला शब्द निघाला तोही शांतीचाच. आमच्या भाविकांनी तो मोबाइलवरून एकमेकांना धाडला. मागे कबुतरे, खाली गुलाबाची फुले. मागणाऱ्यांना आम्ही प्रार्थना दिली. धर्मगुरूने ती नाकारायची नसते. परंतु मागणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते की, त्यांना ती देताना आमचा हात अडखळला. पाच वर्षांपूर्वी हाच ‘शांती’ शब्द त्यांनी आमच्या कचेरीत बसून उच्चारला होता, आणि तो ऐकून आम्ही जे केले त्याची लाज आजही आमच्या मनातून गेलेली नाही.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या तेव्हा आम्हीही चर्चची घंटा वाजविली होती. रुग्णालयांत राबणाऱ्यांचा तो सन्मान होता. तीन दिवसांत टाळेबंदी सुरू झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, पावसात, एकटे उभे राहिले. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून मिरवलेला क्रूस त्यांच्यामागे होता आणि समोर वाचले जात होते संत मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाचे प्रकरण. आमच्या धर्मग्रामातील किती डोळे त्या रात्री पाणावले! होडी हेलकावे खात आहे, प्रभू निजला आहे, शिष्य त्याला उठवितात, तो वाऱ्याला दटावतो आणि सरोवर निवांत होते. पुढे कित्येक महिने आम्ही याच उताऱ्यावर प्रवचने दिली. ऐकणाऱ्यांना बरे वाटले, देणाऱ्यालाही वाटले.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात आमच्याच गावातील एक विधवा कोरोनाने वारली. ती एका रुग्णालयात आयाचे काम करीत असे. मार्चमध्ये आम्ही घंटा वाजविली ती तिच्यासाठीही होती. तिच्या पतीची कबर आमच्या दफनभूमीत, डाव्या भिंतीलगत आहे. आईला तिथेच ठेवावे, एवढीच मुलाची विनंती होती. सकाळी आठ वाजता पाच प्रतिष्ठित मंडळी तोंडाला मुखपट्ट्या बांधून कचेरीत आली. त्यांतील दोघे रविवारी वेदीवरून वाचने करणारे, एक रोज सायंकाळी मोबाइलवर रोझरी चालविणारे. ते म्हणाले, ‘फादर, मयत गावात आणू नका. लोक भडकतील. गावाची शांती बिघडेल.’

आम्ही मान तुकविली. मुलाला फोन करून गुळमुळीत शब्दांत परिस्थिती समजावली. तिचे पार्थिव महापालिकेच्या स्मशानात गेले. मुलगा तिथे एकटा होता. आम्ही इकडे बंद दाराआड तिच्यासाठी मिस्सा अर्पण केली. गावात त्या दिवशी खरोखरच शांतता होती.

दहनाला आमचा आक्षेप नाही. ख्रिस्तसभेने १९६३ सालीच त्याची मुभा दिली आहे. आक्षेप आहे तो नकाराला. ती पाच माणसे अडाणी होती, असेही म्हणवत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच मृतदेहांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. शरीराला स्पर्श होणार नसेल तर धर्मग्रंथाचे वाचन करावे, पवित्र पाणी शिंपडावे, यास त्यांत परवानगी होती. वांद्र्याच्या कबरस्तानांत दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले; मृतदेहापासून संसर्ग पसरतो यास शास्त्रीय आधार नाही, असे सांगून न्यायालयाने २२ मे २०२० रोजी त्यांची याचिका फेटाळली. एप्रिलमध्ये चेन्नईत एका ख्रिस्ती डॉक्टरच्या दफनाच्या वेळी जमावाने दगडफेक केली, तेव्हा सन्मानाने दफन होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मद्रास उच्च न्यायालयाने आपणहून लक्ष घालून म्हटले. हे सारे वर्तमानपत्रांत आले होते. चेन्नईच्या त्या डॉक्टरसाठी आमच्या धर्मग्रामाने प्रार्थनाही केली होती! सरकारने पवित्र पाण्याला वाट दिली, न्यायालयाने मातीला दिली. अडवणूक केली ती आपण.

आता पुन्हा त्या शुभवर्तमानाकडे वळू या. वादळ का गाठते? कारण प्रभूनेच शिष्यांना पलीकडच्या तीराला जाऊ या, असे म्हटलेले असते. आणि त्या तीरावर काय असते? आपण चौथा अध्याय संपताच पुस्तक मिटतो. पाचवा उघडला तर गरसेकरांचा प्रदेश लागतो आणि होडीतून उतरताच समोर येतो तो थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा, रात्रंदिवस ओरडणारा मनुष्य. त्या गावानेही आपली शांती राखण्यासाठीच त्याला दफनभूमीत हाकलले असणार. प्रभू त्याला बरे करतो. गावकरी येऊन पाहतात तो वस्त्रे नेसून शांत बसलेला. त्याला शांत पाहून ते आनंदत नाहीत, भितात. आणि प्रभूलाच आपल्या हद्दीतून निघून जाण्याची विनवणी करतात. आम्ही सेमिनरीत हे प्रकरण ग्रीक शब्दांसह शिकलो होतो. त्याचा अर्थ त्या पाच जणांनी आमच्या कचेरीत आम्हांला शिकविला.

आज ‘मनःशांती’ या नावाखाली आपल्या सभागृहांतून, ध्वनिफितींतून, पत्रकांतून जे वाटले जाते त्याविरुद्ध आमची तक्रार आहे ती हीच. ही शांती सरोवर निवळताच संपते. होडीतून उतरायचे नाव ती काढीत नाही. डोळे मिटा, श्वास सोडा, चिंता प्रभूवर टाका. ठीक, पण त्यानंतर डोळे उघडायचे कोणाकडे? पुनरुत्थित प्रभू बंद दाराआडच्या शिष्यांना शांतीचा आशीर्वाद देतो आणि लगेच आपल्या हातांचे व कुशीचे व्रण दाखवितो. व्रण झाकून तोच आशीर्वाद वाटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, फादर, तुम्हांला संसार नाही. आमच्या घरात म्हातारी माणसे, लहान मुले. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. भीती हे पाप नव्हे. गेथशेमनीच्या बागेत प्रभूही व्याकूळ झाला. मुखपट्टी लावा, अंतर ठेवा, पाचच माणसांनी यावे, असे कोणी म्हटले असते तर ती शहाणीव ठरली असती. पण भीतीने शांतीचे वस्त्र पांघरले की तिला कोणी प्रश्न विचारीत नाही. तिथे पाप सुरू होते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. त्यांच्या कपाळाला बाप्तिस्म्याचे पाणी लागलेले नव्हते. पण पलीकडच्या तीरावर त्या उतरल्या होत्या. त्याच प्लेगच्या काळात मुंबईत, वांद्रे-गिरगावच्या गल्ल्यांत, आपल्या लोकांनी क्रूस उभारले. त्यांतील कित्येक आजही आहेत. ते घराच्या आत नाहीत, रस्त्यावर आहेत. मे महिन्यात आपण त्यांना फुले वाहतो.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली. त्याच आठवड्यात तो मुलगा आईच्या अस्थी घेऊन आला. डाव्या भिंतीलगत, वडिलांच्या शेजारी, आम्ही त्या पुरल्या. सात माणसे होती, त्यांत दोन धर्मभगिनी. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. त्याने क्षमा केली असे आम्ही मानून चाललेलो नाही.

पुढे कोणत्याही साथीत, दंगलीत वा युद्धात आपल्या दफनभूमीच्या दारातून एकही मृत परत पाठविला जाणार नाही आणि त्याला नेण्यासाठी निदान चार माणसे आधीच नेमलेली असतील, असा ठराव आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे दोनदा मांडला. दोन्ही वेळा उत्तर मिळाले, ‘फादर, आता सगळे शांत आहे. कशाला उकरून काढता?’ येत्या बैठकीत आम्ही तो तिसऱ्यांदा ठेवणार आहोत. चार नावांपैकी पहिले आमचे आहे. तीन जागा रिकाम्या आहेत.