पेढीला पत्ता हवा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखून वर्षाचा हिशेब सुरू करण्याची रीत महाराष्ट्रातील बाजारपेठांत आजही पाळली जाते. पूजा वहीची होते. हिशेब मात्र आता बऱ्याच अंशी मोबाईलच्या पडद्यावर उतरलेला असतो. किराणा दुकानदार, छापखान्याचा मालक, पोळीभाजी केंद्र चालविणारी गृहिणी, अशा अनेकांचे चालू खाते आज बँकेची पायरी न चढता घरबसल्या उघडले जाते. ही सोय खरी आहे आणि तिचे स्वागतच करावयास हवे. प्रश्न उभा राहतो तो ही सोय बंद पडते त्या दिवशी.

बचत खाते आणि चालू खाते यांतील फरक येथे ध्यानात घ्यावा लागतो. बचत खाते म्हणजे रांजणात भरून ठेवलेले पाणी. चालू खाते म्हणजे शेताला सोडलेला पाट. चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि खातेदाराची ती अपेक्षाही नसते. त्याला हवी असते अखंडता. सकाळी गिऱ्हाइकाचे पैसे जमा व्हावेत, दुपारी घाऊक व्यापाऱ्याचे बिल चुकते व्हावे, महिनाअखेरीस कामगारांचे पगार आणि कराचा भरणा वेळेवर जावा, एवढेच त्याचे मागणे असते. दिलेला धनादेश एकदा परत आला की नुकसान केवळ पैशाचे होत नाही, माणसाची पत जाते. आलेली हुंडी वेळेवर सकारणे हा आपल्याकडील जुन्या पेढ्यांना प्रतिष्ठेचा विषय वाटे, तो याच कारणाने.

ऑनलाईन बँकेच्या खातेदारांची गाऱ्हाणी ऐकली, तर त्यांत एक समान सूत्र आढळते. व्यवहार अडला यापेक्षा तो का अडला हे सांगणारे कोणी भेटले नाही, याची बोच अधिक असते. दूरध्वनीवर यंत्राचा आवाज एक दाबा, दोन दाबा असे सांगत राहतो. तक्रारीचा क्रमांक मिळतो, चोवीस तासांचे आश्वासन मिळते आणि तेवढ्याच तासांनी तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येतो. तक्रार निकालात निघते, अडचण जागच्या जागी राहते. खाते उघडताना दहा वेळा पाठपुरावा करणारी संस्था खाते अडकल्यावर अदृश्य होते, हा अनुभव सार्वत्रिक म्हणावा इतका ओळखीचा झाला आहे.

यातील एक गुंतागुंत सामान्य खातेदाराच्या लक्षातच येत नाही. ज्याला तो बँक समजतो, ते ॲप अनेकदा बँक नसतेच. पूर्णतः शाखाविरहित बँकांसाठी स्वतंत्र परवाना असावा, अशी शिफारस निती आयोगाने जुलै २०२२ मध्ये केली होती. प्रत्यक्षात अशी अनेक ॲप दुसऱ्याच एखाद्या परवानाधारक बँकेच्या पाठबळावर चालतात. संकट आले की ॲपवाला बँकेकडे बोट दाखवितो, बँक ॲपकडे दाखविते आणि खातेदाराचा चेंडू होतो.

नियामक निष्क्रिय आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. वारंवार सेवा खंडित झाल्याने रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे तात्पुरती थांबविण्यास सांगितले. ते निर्बंध मार्च २०२२ मध्ये पूर्णतः उठले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाईन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली, ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत टिकली. देशातील अग्रगण्य खासगी बँकांनाही दयामाया दाखविली गेली नाही, ही समाधानाची बाब होय. परंतु ही शिक्षा बँकेच्या भावी व्यवसायाला झाली. सेवा ठप्प असताना ज्याचा दिवस वाया गेला, त्या जुन्या खातेदाराच्या पदरात यातून काय पडले? अर्धवट अडकलेल्या व्यवहाराचे पैसे ठरल्या मुदतीत परत न आल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केला. व्यवहार सुरूच होऊ शकला नाही, त्या दिवसाची भरपाई त्यात येत नाही.

सर्वांत मोठा धडा पेटीएम पेमेंट्स बँकेच्या प्रकरणाने दिला. मार्च २०२२ मध्ये या बँकेला नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली होती. नियमपालनातील त्रुटी कायम राहिल्याचे कारण देऊन ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने तिला नव्या ठेवी स्वीकारणे थांबविण्याचा आदेश दिला आणि त्याची मुदत पुढे १५ मार्चपर्यंत वाढविली. खात्यातील शिल्लक काढण्यास आडकाठी नव्हती. तथापि, ज्या दुकानदारांची विक्रीची रक्कम थेट याच बँकेतील खात्यात जमा होत होती, त्यांना काही आठवड्यांत दुसरी बँक शोधावी लागली. गल्ल्यावरचा डबा पैसे आल्याची घोषणा करतो, पण ते पैसे नेमक्या कोणत्या बँकेत जातात, हा विचार कित्येकांनी तेव्हा प्रथमच केला.

म्हणून जुने ते सारे सोने, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. शाखेतील लांबलचक रांगा आणि 'साहेब जागेवर नाहीत' हे उत्तर कोणी विसरलेले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब ॲण्ड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या शाखा दिमाखात उभ्या होत्या. तरीही खातेदाराला आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. दगडविटांची इमारत ही प्रामाणिकपणाची हमी नव्हे. मुद्दा इमारतीचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. शाखेत निदान ज्याच्यासमोर उभे राहून जाब विचारावा असा एक माणूस होता. सोयीच्या नावाखाली तोच वगळला गेला असेल, तर त्या सोयीची किंमत खातेदार मोजत आहे.

यात अलीकडे आणखी एका संकटाची भर पडली आहे. सायबर फसवणुकीचा पैसा हातोहात फिरत एखाद्या अजाण दुकानदाराच्या खात्यात येतो. दोनशे रुपयांचा माल विकणाऱ्याला कल्पनाही नसते आणि परराज्यातील पोलिसांच्या पत्रावरून त्याचे संपूर्ण खाते गोठविले जाते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली, अशी कारवाई वादग्रस्त रकमेपुरतीच मर्यादित ठेवावी, अशी भूमिका घेतली. चोराला पकडण्यासाठी सावाची चूल विझविणे हा न्याय नव्हे. अशा वेळी आपल्या खातेदाराला कारण, तपास यंत्रणेचे नाव आणि पत्राचा क्रमांक तत्परतेने कळविणे, हे बँकेचे किमान कर्तव्य आहे.

कायद्याने खातेदाराला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले, की बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे पळविले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत ते कळविले, तर त्याच्यावर कोणतेही दायित्व येणार नाही. बँकिंग लोकपालाची व्यवस्था १९९५ पासून अस्तित्वात आहे. नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक योजनेने तक्रारीचे दार एकच केले. बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जावे, असा हा मार्ग असून त्यासाठी शुल्क पडत नाही. ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत वाढले आणि चालू खातीही त्यात येतात.

तरीही एक फट उरतेच. ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या सेवेला सामान्यतः आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यवसायासाठी कर्जसुविधा घेणाऱ्या एका शेअर दलालास ग्राहक मानण्यास नकार दिला. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यास या कायद्यात सवलत आहे. परंतु आपण त्या सवलतीस पात्र आहोत, हे पटविण्याचा भार पडतो तो छोट्या दुकानदारावरच. बड्या उद्योगाकडे वकिलांची फौज असते आणि बचत खातेदाराकडे ग्राहक आयोग असतो. मधल्या छोट्या व्यावसायिकाने मात्र कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

येथे संघटित ग्राहकशक्तीचे महत्त्व जाणवते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहक हा अर्थव्यवहारातील राजा आहे, हे वाक्य पुष्कळांना हास्यास्पद वाटले होते. बारा वर्षांनी ग्राहक संरक्षण कायदा आला. तोच वसा आता बँकेच्या पडद्यापर्यंत न्यावा लागेल. प्रत्येक ऑनलाईन बँकेने अधिकार असलेल्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि त्याच्याशी बोलण्याची वेळ जाहीर करावी, खाते गोठविल्यास कारण लेखी द्यावे आणि सेवा ठप्प झालेल्या काळाची भरपाई ठरवावी, या मागण्या अवाजवी नाहीत.

घराघरांतून करण्याजोग्या गोष्टीही आहेत. व्यवसायाची सर्व रक्कम एकाच खात्यात ठेवू नये. ॲपमागची परवानाधारक बँक कोणती, हे आधी विचारून घ्यावे. खाते उतारा दरमहा उतरवून ठेवावा. तोंडी तक्रारीवर विसंबू नये. शेजारचा वयस्क दुकानदार इंग्रजी संदेशांनी गांगरला असेल, तर त्याचा अर्ज लिहून देणे हेही समाजकार्यच आहे; त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही.

तंत्रज्ञान बदलेल, पडदे बदलतील, कदाचित नाणी आणि नोटाही हळूहळू दृष्टीआड होतील. परंतु 'माझे पैसे कोठे आहेत?' या खातेदाराच्या प्रश्नाला माणसाच्या तोंडून प्रामाणिक उत्तर मिळणे, ही पेढीची पहिली कसोटी होती आणि पुढेही तीच राहील. त्या कसोटीला जी उतरते तीच बँक; बाकी सारा पडद्यावरचा देखावा.