आभार दीदींचे, गोळी मात्र पदराआड

तासगावात एसटी स्टँडजवळ माझं औषधाचं दुकान आहे. आमच्या काउंटरवर काही नावं मोठ्यानं घेतली जातात, काही अगदी हळू. बीपीची गोळी, शुगरची गोळी, पित्ताचं पातळ औषध हे सगळं गिऱ्हाईक रस्त्यातूनच ओरडून मागतं. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मात्र चार घड्या घालून येते, दुकानात दुसरं कोणी नसताना उलगडते, आणि गोळ्या हातात पडण्याआधी विनंती येते, "ताई, कागदात गुंडाळून द्या की." त्यात अल्प्राझोलामसारखी शेड्यूल एच-१ मधली गोळी असेल तर मला वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं. २०१४ पासून तसा नियमच आहे. मी रजिस्टर उघडलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. "नाव कशाला ओ?"

मोठ्यानं घेतल्या जाणाऱ्या नावांत गेल्या काही वर्षांत एकाची भर पडली आहे. शिवानी दीदी. ब्रह्माकुमारी या आध्यात्मिक संस्थेच्या बी. के. शिवानी. "दीदी ऐकायला लागल्यापास्नं डोकं कसं हलकं झालंय बघा," हे मी द्राक्षबागायतदाराच्या तोंडून ऐकलंय, शिक्षिकेच्या तोंडून ऐकलंय, बागेत घडांना डिपिंग करायला जाणाऱ्या बायकांकडूनही ऐकलंय. त्या बायका मोबाइल कमरेच्या पिशवीत ठेवतात आणि हातानं काम, कानानं दीदी. ज्या बाईंना त्या कधी भेटल्या नाहीत, बहुधा भेटणारही नाहीत, त्यांच्याबद्दल बोलताना यांचे डोळे भरून येतात.

शिकलेल्या माणसांना या भक्तिभावाची चेष्टा करायची फार हौस असते. मला ती चेष्टा आवडत नाही. टीव्हीवर पाहून कोणाला बरं वाटलं आणि तो तसं म्हणाला, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते दीदींबद्दल कमी, आपल्याबद्दल जास्त आहे.

आधी दीदींना त्यांचं द्यायला हवं. या बाई मूळच्या आपल्या पुण्याच्या. जन्म १९७२चा, शिक्षण पुणे विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीचं. ब्रह्माकुमारींच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी त्या आधी दिल्लीत पडद्यामागे काम करायच्या. मोठ्या शिक्षिका बोलायच्या आणि ह्या चित्रीकरणाचं बघायच्या. २००७ मध्ये उत्तरं द्यायला दुसरं कोणी उपलब्ध नव्हतं म्हणून यांना समोर बसवलं गेलं. मग आस्था वाहिनीवर 'अवेकनिंग विथ ब्रह्माकुमारीज' सुरू झालं. आधी कनुप्रिया प्रश्न विचारायच्या, नंतर समोरच्या खुर्चीवर सुरेश ओबेरॉय आले.

ओबेरॉय हे मला त्या कार्यक्रमातलं निम्मं यश वाटतं. 'मिर्च मसाला' या चित्रपटात हाच माणूस गावचा मुखिया झाला होता. मुलीला शाळेत घातलं म्हणून बायकोवर डाफरणारा, खर्जातल्या आवाजाचा. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तोच आवाज इथे एका तरुण बाईंपुढे विद्यार्थ्यासारखा बसून विचारतो की मला राग येतो, काय करू? आमच्या भागात पुरुषानं, तेही वयानं मोठ्या पुरुषानं, असं विचारणं ही साधी गोष्ट नाही. कितीतरी बायका ते बघताना ओबेरॉय यांच्या जागी आपल्या नवऱ्याला बसवून पाहत असतील, असं मला नेहमी वाटतं.

बोलणंही कीर्तन-प्रवचनाच्या वळणाचं नाही. पोथी नाही, चमत्कार नाही, नवस नाही. सासू टोचून बोलली, मुलाला मार्क कमी पडले, जाऊबाईनं नवी गाडी घेतली, शेजारी नीट बोलत नाही, हे विषय. पांढरी साडी, शांत आवाज, इंग्रजी शब्द पेरलेली हिंदी. आणि मूळ मुद्दा एकच, फिरून फिरून येणारा: समोरचा काय करतो ते तुमच्या हातात नाही, त्यावर तुमचं मन काय करतं ते तुमच्या हातात आहे. संस्थेचा सात दिवसांचा कोर्सही फुकट. पंचतारांकित हॉटेलात तिकीट लावून 'यशस्वी व्हा' सांगणारे आणि शेवटी साबण-पावडरीची साखळी गळ्यात मारणारे वक्ते आमच्या तालुक्यानंही पाहिलेत. त्यांच्या शेजारी दीदींना बसवणं अन्यायाचं होईल. २०१८ सालचा नारी शक्ती पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. त्याच्या आधी, २०१७ मध्ये, जागतिक मानसोपचार संघटनेनं त्यांना सदिच्छादूत नेमलं. म्हणजे डॉक्टरांची संघटना त्यांच्याकडे आपली माणूस म्हणून बघते. हे माझ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

उदासीनतेच्या, म्हणजे डिप्रेशनच्या गोळीचं एक वैशिष्ट्य असतं. ती लगेच काम करत नाही. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन सुरू केली की पहिले काही दिवस मळमळ, डोकं जड, झोप विचित्र. फरक कळायला दोन ते चार आठवडे लागतात. क्रोसिनसारखं तासाभरात 'उतरलं' असं होत नाही. आता असं समजा की एक बाई महिनाभर रडत होती. घरच्यांनी कसंबसं मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू झाली. त्याच आठवड्यात नणंदेनं दीदींचा व्हिडिओ पाठवला, आणि ती रोज सकाळी उठून ऐकू लागली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला स्वयंपाक करावासा वाटला, फुलं आणावीशी वाटली. श्रेय कोणाला जाणार? पडद्यावर रोज जो चेहरा दिसतो त्याला. गोळीला चेहरा नसतो.

यात दीदींचा वाटा शून्य आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ठरलेल्या वेळी उठणं, अर्धा तास बातम्यांऐवजी शांत आवाज ऐकणं, आपल्यासारखं दुसऱ्यालाही होतं हे कळणं, याचा गुण येतोच. गोळी घेणारा माणूस टिकून राहायलाही अशा आधाराची मदत होते. पण नुसतं दीदींनाच श्रेय देऊन माणसं थांबत नाहीत. त्यांची पुढची पायरी मला काउंटरवर दिसते. दोन-तीन महिन्यांनी चिठ्ठी यायची बंद होते. रस्त्यात भेट झाली की कळतं, "आता गोळीची काय गरज न्हाई ताई, दीदी हाईत." दीदींनी गोळी बंद करायला सांगितली, असं मला आजवर एकाही माणसानं सांगितलेलं नाही. हा निर्णय त्यांचा स्वतःचा असतो आणि त्याला नाव दीदींचं असतं.

औषध विकणारी म्हणून इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. बरं वाटू लागल्यावरही ही गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागते, आणि थांबवायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू कमी करत. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, असा त्रास होतो. मग घरचे म्हणतात, बघा, गोळीची सवय लागली होती. झोपेच्या काही गोळ्या बरेच दिवस घेऊन अचानक बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. दुखणं परत उलटलं की मग माणूस दीदींनाही दोष देत नाही, गोळीलाही देत नाही. स्वतःला देतो. माझीच साधना कमी पडली म्हणतो. आजारानं आधीच खचलेल्या माणसावर हे एक नवं ओझं.

असं का होतं याचं माझ्यापुरतं उत्तर त्या चार घड्यांच्या चिठ्ठीत आहे. माणूस आभार तिथेच मानतो जिथे ते उघडपणे मानता येतात. दीदींमुळे बरी झाले, असं हळदीकुंकवाला सांगता येतं, व्हॉट्सअॅपवर स्टेटसला ठेवता येतं. मिरजेच्या डॉक्टरांमुळे आणि रोजच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळीमुळे बरी झाले, हे सांगितलं की मुलीचं लग्न अडेल अशी भीती. आमच्याकडची माणसं शक्यतो सांगली-मिरजेलाच जातात, ते तिथले डॉक्टर चांगले म्हणून तर खरंच, पण दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कोणी भेटू नये म्हणूनही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलं की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरा. कायद्यानं दोघांना एका पंगतीला बसवलं, आमच्या काउंटरवर ते अजून बसायचे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर असल्याचं दिसलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपलं चित्र फार वेगळं असेल, असं मला माझ्या दुकानावरून तरी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. एक बाई यायची. वेदनाशामक जेल, कापूस, पट्ट्या. दर पंधरवड्याला तेच. नवरा प्यायचा, आणि हात उचलायचा, हे न सांगता कळत होतं. एकदा ती स्वतःहूनच बोलली, आणि बोलताना समाधानात होती. "पैल्यांदा लई राग यायचा ताई, आता दीदींनी शिकवलंय, त्यो काय करतो ते त्याचं कर्म, मी शांत राहती." मी रजिस्टर बाजूला सारलं आणि तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, हेही सांगितलं. तिनं कागद घेतला, ब्लाउजमध्ये खोचला. पुढे काय केलं ते माहीत नाही.

सासूचा टोमणा पचवायला जे वाक्य औषध ठरतं, तेच नवऱ्याच्या मारापुढे विष ठरू शकतं. वाक्य चुकीचं नसतं. पण टीव्हीला कान नसतात. समोर बसलेली बाई टोमण्यानं बेजार आहे की मारानं, हे पडद्यावरच्या माणसाला कळायला मार्ग नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत आणली ती कि. मो. फडके यांनी. घटनेपेक्षा घटनेकडे बघण्याची आपली नजर जास्त त्रास देते, हेच त्या पद्धतीचंही सूत्र. म्हणजे दीदींचं म्हणणं मानसशास्त्राला परकं नाही. फरक एवढाच की ती पद्धत वापरणारा उपचारक आधी तुमची गोष्ट ऐकतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. ते स्वतः व्यासपीठावरून हजारोंशी बोलतात, आणि त्यांच्या संस्थेत माणसं एकेकट्यानं समोर बसून बोलूही शकतात. व्याख्यानाला दवाखान्याचं दार जोडलेलं असलं की श्रोत्याचं भलं होतं.

दीदींचे आभार मानणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ते मानत राहा, मोठ्यानं माना. फक्त त्याच दमात बाकीच्यांचीही नावं घ्या. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं त्यांचं, जी वहिनी तुमच्यासोबत एसटीनं मिरजेपर्यंत आली तिचं, आणि रोज रात्री न चुकता गोळी घेणाऱ्या तुमचं स्वतःचं. एका बाईनं हळदीकुंकवात "मी गोळी घेत होते" म्हटलं, तर पुढच्या महिन्यात माझ्या काउंटरवर दुसरीची चिठ्ठी घडी न घालता येईल.

दीदींकडेही एक मागणं आहे, चाहतीचं म्हणा हवं तर. तुमचं नाव घेऊन लोक औषध सोडतात, तेव्हा ते सोडू नका हे तुम्ही सांगितलेलं जितकं पटेल तितकं माझं किंवा डॉक्टरांचं पटणार नाही. एकदा सांगितलं असेल तर दर कार्यक्रमात सांगा. आणि वाहिनीवाल्यांनी तुमच्या कार्यक्रमाच्या खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर चालवावा. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं ही सेवा सुरू केली, ती चोवीस तास चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. नंबर १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि पलीकडचं माणूस ऐकतं.