टपाल गेले, मालाचे काय?

दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटाचा व्यापार दीर्घकाळ टपाल-आगबोटींच्या आधारावर चालला. टपालाच्या कंत्राटामुळे बोटीचा फेरा निश्चित असे. त्याच फेऱ्यात दुकानदाराचा माल येई. 1977 मध्ये युनियन-कॅसल कंपनीची टपालसेवा संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारला अनुदान देऊन स्वतंत्र बोट चालवावी लागली. 2017 मध्ये नियमित विमानसेवा आली आणि 2018 मध्ये ती बोटसेवाही संपली. परंतु जड माल समुद्रमार्गेच येतो. बेटाची निर्यात तुटपुंजी. साहजिकच परतीच्या रित्या फेऱ्याचा खर्चही आयातीवर पडतो. व्यापारी तो किमतीत मिळवतो, भरतो मात्र श्रमिक ग्राहक. जेथे दुसरी बोटच नाही, तेथे स्पर्धेचे गुणगान व्यर्थ होय. अशी मालवाहतूक सार्वजनिक सेवाच मानली पाहिजे आणि तिचे दर ठरविण्यात बेटवासीयांना अधिकार हवा.