काठ्यांचा विमानप्रवास

मंडळी, या वीकांताचा विषय बघून निम्मे वाचक पान बंद करणार याची मला कल्पना आहे. गोल्फ? आणि तेही रोडपालीत राहून? इथे एका बाजूला कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी, आणि मध्ये आम्ही ईएमआयवाले. पण खारघरच्या डोंगराखाली सिडकोचं गोल्फ मैदान आहे, आमच्या घरापासून बाईकने फार लांब नाही, आणि माझ्यासारखे काही नोकरदार शनिवारी पहाटे तिथे घाम गाळतात. आई अजूनही त्याला "काठ्या घेऊन जाणं" म्हणते. म्हणू दे बापडी.

आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. त्यामुळे आमच्या कट्ट्यावर एक नवीनच प्रश्न आला आहे: विमानातून किट न्यायची तर कुठली बॅग घ्यायची? कडक पेटी की मऊ बॅग? यावर आंतरजालावर ढिगाने लेख आहेत, पण जवळजवळ सगळे अशा माणसासाठी लिहिलेले की ज्याच्या घराला गॅरेज आहे, गाडीची डिकी रणगाड्याएवढी आहे आणि ड्रायव्हर मोडला तर तो दुकानात जाऊन दुसरा घेतो. आपल्यातलं कोण आहे असं?

मला हा प्रश्न विचारला तो एका बावीस वर्षांच्या मुलाने. मैदानावर कॅडी म्हणून आला, लोकांच्या बॅगा उचलता उचलता खेळायला शिकला, आणि आता आमच्यातल्या कोणालाही चार-पाच स्ट्रोकनी सहज हरवतो. त्याची किट म्हणजे गोधडी आहे. आयर्न्स एका रिटायर्ड साहेबांनी दिलेले, पटर दुसऱ्या कोणाचा, आणि ड्रायव्हर मात्र स्वतःचा, वर्षभर टिपा साठवून सेकंडहँड घेतलेला. त्याला स्पर्धेसाठी कोलकात्याला जायचं आहे. (कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा. ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब तो. आपल्याकडे नाशकात "गोल्फ क्लब मैदान" म्हणतात तिथे आता क्रिकेट चालतं, तो भाग वेगळा.) कल्याणहून हावडा मेल पकडली तर दीड दिवस जातो आणि उतरल्यावर पाठ खेळायच्या लायकीची राहत नाही. म्हणून विमान. आणि विमान म्हणजे त्याच्या ड्रायव्हरची काळजी. क्लब्ज केबिनमध्ये नेता येत नाहीत, सुरक्षेच्या यादीत ते बॅटबरोबर निषिद्ध आहेत. म्हणजे बेल्टवर टाकून रामभरोसे.

तर आधी मोडतं काय आणि का, ते बघू. ड्रायव्हर साधारण ४५ इंच लांब, म्हणजे बॅगेतला सगळ्यात उंच. दांडा कार्बन फायबरचा, हलका आणि पोकळ; डोकं बहुतेक टायटॅनियमचं, पोकळ असलं तरी दांड्याच्या टोकाला २०० ग्रॅमचं लटकणं. बॅगेत सगळी डोकी वरच्या बाजूला असतात. आता कोणीतरी ती बॅग उलटी टाकली की आतल्या सगळ्या सामानाचं वजन कोणावर येतं? ड्रायव्हरच्या डोक्यावर. डोकं अडतं, मागून दहा-बारा किलो खाली येतं, आणि दांडा वाकून मानेपाशी, जिथे तो डोक्यात घुसतो तिथे, कट्! माल कसा टाकला जातो ते बघायचं असेल तर विमानतळावर जायची गरज नाही, आमच्या लोखंड बाजारात सकाळी अर्धा तास उभे राहा. हमालांना दोष देत नाहीये. दिवसाला शेकडो नग हलवणारा माणूस प्रत्येक नग बाळासारखा ठेवणार नाही, हे धरूनच डिझाईन करायला हवं.

इथे मला मिरज आठवते. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो तंबोरा प्रवासाला निघतो तेव्हा जाणकार गवई तो फायबरच्या कडक पेटीतच घालतात, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण भोपळा हे पातळ कवच आहे. त्याच्यावर नुसती कोणाची सूटकेस बसली तरी तडा जातो. त्याचा शत्रू दाब. गोल्फच्या किटचं तसं नाही. तेरा-चौदा दांडे एकत्र बांधले की दाब ते बऱ्यापैकी सोसतात. त्यांचा शत्रू आहे वाकणं, आणि ते सुद्धा एकाच ठिकाणी. दोन वेगळे आजार, दोघांना एकच औषध कशाला?

आणि कडक पेटीत किट सैल ठेवली तर ती डब्यातल्या चण्यांसारखी आत आपटत राहते. पेटीला ओरखडा नाही आणि आत ड्रायव्हर मोडलेला, असं होऊ शकतं. कवच बाहेरचा मार अडवतं, आतली धडक नाही.

त्यामुळे माझं मत असं की पेटी की बॅग हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न म्हणजे डोक्यांवर येणारं वजन दुसरं कोण उचलणार. याला बाजारात उत्तर आहे: बॅगेच्या मधोमध उभा ठेवायचा एक टेकू, ड्रायव्हरपेक्षा दोनेक इंच उंच. बॅग उलटी पडली तर आधी टेकू आपटतो आणि वजन त्याच्यावरून जातं. छत्री उलटी पडली तर टोक आधी लागतं ना, तसंच. हा टेकू विकत मिळतो, पण हार्डवेअरच्या दुकानात सव्वा इंची पीव्हीसी पाईप कापून घेतला आणि दोन्ही टोकांना कॅप मारली तरी काम तेच होतं. शे-दोनशेत. इंजिनिअरिंगची डिग्री कुठेतरी उपयोगी पडली म्हणायची :-)

आता वजनाचा हिशोब, कारण खरी गंमत तिथे आहे. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब्ज. त्यांचं वजन पाच-साडेपाच किलो. रोजची स्टँड बॅग अडीच किलो. डझनभर बॉल अर्धा किलो (एक बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही). बूट एक किलो. झाले साडेनऊ. यावर मऊ प्रवासी बॅग साडेतीन किलोची धरा, म्हणजे तेरा. कडक पेटी सहा-साडेसहा किलोची, म्हणजे सोळा. देशांतर्गत साध्या तिकिटावर सहसा १५ किलो मिळतात. म्हणजे मऊ बॅगेत दोन किलो कपडे मावतात, आणि कडक पेटीत एकही चड्डी न घालता जादा वजनाचे पैसे भरायचे, जाताना एकदा आणि येताना एकदा. आपल्या कॅडी मित्रासाठी हा मुद्दा इथेच संपतो.

शिवाय काउंटरपर्यंत पोचायचं कसं? सवाशे-दीडशे सेंटिमीटर लांब पेटी सीएनजी टॅक्सीच्या डिकीत जात नाही, तिथे सिलिंडर आधीच पाय पसरून बसलेला असतो. मग मागची सीट पाडा, नाहीतर टपावर दोरीने बांधा. रिक्षाचं तर नावच नको. मऊ बॅग रिक्षात तिरकी, मांडीवरून बाहेर अशी का होईना, येते. आणि परत आल्यावर? वन बीएचकेमध्ये ती पेटी ठेवणार कुठे? मऊ बॅग गुंडाळून माळ्यावर जाते. या गोष्टी कुठल्याही परीक्षणात गुण म्हणून धरत नाहीत, पण आपल्यासाठी त्याच निर्णायक आहेत.

आता कडक पेटीची बाजू. तिच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो कायद्याचा आहे. परदेश प्रवासात माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये आला. सामान हरवलं किंवा मोडलं तर भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे रुपयात पावणेदोन लाखांच्या आसपास. पण त्याच करारात असंही आहे की सामानाच्या मूळच्या दोषामुळे किंवा दर्जामुळे नुकसान झालं असेल तर कंपनी तेवढ्यापुरती जबाबदार नाही. मऊ बॅगेतली किट बघून काही कंपन्या काउंटरवरच मर्यादित जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. तेव्हा लाख-दीड लाखाची नवी किट घेऊन वर्षातून चार वेळा परदेशी जाणाऱ्यांनी कडक पेटी जरूर घ्यावी. त्यांना गाडी आहे, ड्रायव्हर आहे (दोन्ही अर्थांनी), घरात जागा आहे. देशांतर्गत प्रवासात मात्र भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये. त्या आशेवर पेटीत पैसे घालणं मला पटत नाही.

मऊ बॅग घेताना काय बघायचं? कापडाचा डेनियर आकडा सगळे सांगतात. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. १,६८० डेनियरचा नायलॉन दणकट, पण कापड फाटून किट मोडल्याचं मी तरी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही. बॅगा जातात त्या चेनमध्ये आणि चाकांत. चेन बोटाने ओढून बघा, जाड आणि दोन बाजूंनी उघडणारी असावी. चाकं पनवेलच्या फूटपाथवर चालणारी हवीत, विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर काय, सगळीच चालतात. आणि वरच्या भागात, जिथे डोकी येतात तिथे, दोन बोटं जाड गादी हवी. बाकी खिसे, कप्पे, बूट ठेवायची वेगळी जागा हे सगळं दुकानदाराचं मनोरंजन.

आता कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, तिथे जाऊन भाड्याने घे. हौशी माणसासाठी हे मला शंभर टक्के मान्य आहे. दोन दिवस गोव्याला किंवा बंगलोरला गेलो तर मी भाड्यानेच घेतो, माझ्या खेळात तसाही फरक पडत नाही. पण ज्याला एका स्ट्रोकने कट चुकू शकतो त्याला परका ड्रायव्हर देणं म्हणजे गवयाला ऐनवेळी दुसऱ्याचा तंबोरा देण्यापेक्षाही वाईट. तंबोरा निदान लावून घेता येतो.

तर त्याला मी जे सांगितलं ते असं. मध्यम किमतीची मऊ बॅग घे, आत पीव्हीसीचा टेकू. ड्रायव्हर आणि फेअरवे वूडची डोकी पान्याने सोडवून, टोपी घालून, टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या पोटात ठेव. हल्लीच्या बऱ्याच ड्रायव्हरची डोकी निघतात, त्याचंही निघतं. पाना याच बॅगेत टाकायचा, केबिनमध्ये नाही, नाहीतर सुरक्षा तपासणीत जप्त होईल आणि तिकडे डोकं एकीकडे नि दांडा एकीकडे अशी अवस्था. रेंजफाइंडरची सुटी बॅटरी उलट केबिनमध्येच. उरलेली सगळी डोकी एका जाड टॉवेलने एकत्र आवळायची म्हणजे एकमेकांवर आपटणार नाहीत. निघण्याआधी मोबाईलवर प्रत्येक क्लबचा फोटो काढायचा.

आणि कोलकात्याला बेल्टवरून बॅग उचलली की तिथेच, दारातून बाहेर पडायच्या आधी, उघडून बघायची. मागे माणसं खोळंबली तरी चालेल. काही मोडलं असेल तर कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत हातात घेतल्याशिवाय हलायचं नाही. परदेशातून येताना तक्रारीला सात दिवस मिळतात, पण एकदा बाहेर पडलं की "आमच्याकडे मोडलं नाही" हे वाक्य ऐकावं लागतं.

पाईप मी कापून दिला आहे. तो म्हणाला, टोकाला जुना टेनिस बॉल बसवतो, आपटला तर धक्का कमी लागेल. हे मला सुचलं नव्हतं.