यंत्राला गर ओळखायला कोणी शिकवले?

काजूच्या कारखान्यात निवडीचे यंत्र आले, ही बातमी आमच्या वस्तीत बायकांनीच आणली. "आता आमची गरज नाय म्हणतात ओ भाऊजी," असे म्हणत शेजारच्या वहिनी संध्याकाळी दारात टेकल्या. वीस वर्षे त्यांनी काजू फोडला, सोलला, निवडला. चिकाने बोटे काळी पडली आहेत.

ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. बी वाफेवर शिजवायची, कटरवर फोडायची, गर सुकवून साल काढायची आणि मग प्रतवारी लावायची. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात सुमारे ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू २१० चा गर मोठा, भावही जास्त. डागी, करपलेला, पाकळी, तुकडा हे सारे आजवर बायकांच्या नजरेने वेगळे होत आले. नव्या यंत्रात गर वरून ओघळतात, कॅमेरा प्रत्येकाचे चित्र टिपतो, आतला संगणक क्षणात निकाल देतो आणि डागी गर हवेच्या झोताने बाजूला उडतो.

मालकाने यंत्र आणले म्हणून त्याला मी दोष देणार नाही. व्यापाऱ्याला एकसारखा माल हवा असतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला द्यायचे बिलही सरकारी संगणकावर नोंदवावे लागते. वहीवर भागण्याचे दिवस गेले. मी स्वतः कारकून. खातेवही बाजूला होऊन टेबलावर संगणक आला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. पण मला कोणीतरी महिनाभर शेजारी बसवून शिकवले. वहिनींना कोण बसवणार?

हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून आपले आजे-पणजे मुंबईच्या कापड गिरण्यांत गेले, ते बहुतेक रिंगखात्यात राहिले. चांगला पगार साचेखात्यात, विणकामात होता. तिथे कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे, म्हणून त्या खात्याचे दार आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा परदेशात निघालेले होते, हेही ध्यानात ठेवावे. यंत्र कोणते आणायचे आणि त्यावर कोणाला उभे करायचे, हे शेवटी माणसेच ठरवतात.

आता आमच्या वहिनींच्या कारखान्याचे ऐका. नाव घेत नाही. तिथे हजेरीसाठी अंगठ्याचे यंत्र बसवले. चिकाने कातडी सोलवटते, ठसा उठत नाही. सकाळी आठला हजर असलेली बाई यंत्राच्या लेखी गैरहजर! एका महिन्यात वहिनींचे तीन खाडे लागले. मी त्यांना साधी शंभर पानी वही आणून दिली. तारीख, वेळ, किती किलो सोलले ते रोज लिहायचे आणि वजनकाट्याचा आकडा मुलीच्या मोबाईलमध्ये टिपून ठेवायचा. पगाराच्या दिवशी वही पुढे ठेवल्यावर दोन खाडे भरून मिळाले, तिसऱ्याचे भांडण चालू आहे. बहिणींनो, चेहरा पाहून हजेरी घेणारी यंत्रेही मिळतात. ती मागायला लाजू नका. बोटे कारखान्याच्या कामानेच झिजली आहेत. आणि २० वा अधिक कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी यूएएन क्रमांक विचारून घ्या.

निवडीच्या यंत्राचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. यंत्र लावायला आलेल्या माणसाला चांगला गर कोणता आणि डागी कोणता, याचे नमुने हवे होते. ते कोणाला ठाऊक? वहिनी आणि आणखी दोघींना बोलावले. त्यांनी दिवसभर बसून ढीग लावले. सालीचा कण चिकटलेला गर वेगळा, करपट वेगळा, किडका वेगळा. त्यावरून यंत्राची नजर बसवली. दुसऱ्या दिवशी यंत्रापाशी उभा राहिला मुकादमाचा भाचा!

"पडद्यावर सगळं इंग्रजी हाय, तुला काय जमणार?" असे मुकादम म्हणाला. वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांनी मुलीकडून बटणांवरचे आठ शब्द मराठीत लिहून घेतले, कागद पदराला बांधला आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत यंत्राजवळ उभ्या राहिल्या. मागच्या पंधरवड्यात अख्खे गर डागींच्या पिंपात पडू लागले. भाचा बटणे दाबत राहिला. वहिनींनी काचेवरची भुकटी पुसायला लावली, मग नमुना पुन्हा दाखवायला लावला. तासाभरात यंत्र ताळ्यावर आले.

सोमवारपासून त्या दुपारच्या पाळीला यंत्रावर आहेत. मजुरी मात्र अजून निवडणारीचीच मिळते. त्या बोलण्यासाठी येत्या रविवारी आम्ही चौघे मालकाकडे जाणार आहोत, वही सोबत घेऊन.